भिंतीचा अर्ज घेऊन वरच्या सभागृहात

भिंत पडली तेव्हा माझा फोन विधान भवनाच्या दारात जमा होता. माझ्या शेजारणीचा, शालनचाही होता. बाहेर आल्यावर पोलिसाने आमचे बिल्ले घेतले आणि फोन परत दिले. माझ्या फोनवर सुगंधाचे, म्हणजे माझ्या सुनेचे, एकोणीस मिस्ड कॉल होते. मी तिथेच उभी राहून लावला.

"आई, भिंत आली," सुगंधा म्हणाली. मागे आरडाओरडा चालला होता.

"आत कोण आहे?"

"काय कळत नाही. धूळच धूळ आहे. शेवटची तीन घरं दिसतच नाहीत."

"वयनी कुठे आहे?"

फोन कट झाला. परत लावला तर लागेना.

शालन माझ्या तोंडाकडे बघत होती. "काय म्हणाली गो?"

मी सांगितलं. लपवून काय करणार? शेवटच्या तीन घरांत एक तिचं, एक माझं. ती फुटपाथवर खाली बसली. मी दंड धरून तिला उठवलं आणि मेट्रोच्या जिन्याकडे चालवलं.

आम्ही तिथे कशाला गेलो होतो ते आता सांगते. आपल्या गावकरी मंडळातलं आजवर कोणी तिथे गेलेलं नाही, आणि ज्याला त्याला वाटतं तिथलं सगळं आपल्याला माहीत आहे. मलाही तसंच वाटत होतं.

मरोळ

आमची वस्ती मरोळ मरोशीच्या पुढे, आरेच्या कडेला, टेकडीच्या पायाशी आहे. नऊ घरं एका ओळीत. सगळे एकाच गावचे, सगळ्यांचे नवरे गिरणीत होते. गिरणी गेली, काही नवरेही गेले, घरं राहिली. घरांच्या पाठीला दगडी भिंत आणि भिंतीवर दुसऱ्या कोणाचा तरी प्लॉट. गेल्या वर्षी त्या प्लॉटवर काम सुरू झालं. खोदलेली माती, फुटक्या लाद्या, सगळं डेब्रिज त्यांनी भिंतीमागे ओतलं. वर पाण्याचे टँकर रिकामे व्हायचे, ते पाणी त्याच मातीत मुरायचं. दिवाळीपर्यंत भिंतीला पोट आलं. शिमग्यापर्यंत माझ्या मागच्या खोलीचं कपाट भिंतीपासून सरकवावं लागलं.

आपल्या मंडळाची रीत तुम्हाला माहीत आहे, पण लिहिलंच पाहिजे. तरुणांची समिती असते, तिला दर दोन वर्षांनी अध्यक्ष. सध्या संतोष आहे. समिती ठरवते. मग ते जाणत्यांपुढे जातं. जाणत्यांत मोठा भिकाजी, शालनचा नवरा, गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होता. तो देवापुढे गाऱ्हाणं घालतो, आपण "व्हय म्हाराजा" म्हणतो, आणि मग त्यावर कोणी बोलत नाही. जाणते नाही म्हणाले तर समितीने काहीही ठरवलेलं असो, ते बारगळतं.

त्यामुळे अर्ज कुठे द्यायचा यावर भांडण झालंच नाही.

संतोष म्हणाला, "काका, आपला आमदार विधानसभेत बसतो. म्हणजे खालच्या सभागृहात. त्याच्याकडे परत एकदा जाऊ."

"तीनदा गेलास ना? खालचा आहे म्हणूनच त्याच्याच्याने होत नाही," भिकाजी म्हणाला. "वरच्याकडे जा. वरचे बोलले की खालच्यांना ऐकावंच लागतं."

सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं. आपल्याकडे तसंच असतं, तर तिकडे वेगळं का असेल?

पुरुषांना रजा नव्हत्या. मी आणि शालन निघालो. मी चौथी पास, शालन तिसरीतून काढलेली.

बोरिवली

वरच्या सभागृहाचे एक आमदार बोरिवलीला राहतात असं संतोषने शोधून काढलं. निवृत्त मास्तर. त्यांना सगळे सर म्हणतात. आम्ही रविवारी गेलो.

मरोळहून बस आरेतून गोरेगावला जाते. नाक्यावरचा धुरळा मागे पडला की एकदम झाडं लागतात. तबेले, शेणाचा वास, पाड्यावरच्या बायका रस्त्याकडेला करवंदाच्या पाट्या घेऊन बसलेल्या. माणसं या रस्त्याचं फार कौतुक करतात. मी त्याच्या कडेलाच राहते, मला त्यात टेकडीची माती किती सुटी आहे तेवढं दिसतं.

हायवेवर उतरून मेट्रो धरली. शालन सरकत्या जिन्यापुढे उभी राहिली ती हलेचना. मागे माणसं तुंबली.

"मावशी, जाताय का नाही?" एकाने विचारलं.

"थांब रे बाबा, पायरी पकडतंय."

"पायरी तुम्हाला पकडेल, तुम्ही फक्त पाय ठेवा."

तिने पाय ठेवला आणि चप्पल खालीच राहिली. ती चप्पल दुसऱ्या कोणीतरी वर आणून दिली.

सरांच्या बिल्डिंगमध्ये दारावरची बेल वाजवून थांबायचं असतं. आत माणसं बोलताना ऐकू येतात, तरी थांबायचं. आमच्याकडे दार उघडंच असतं, माणूस आत येऊन भांडंसुद्धा घेऊन जातो. सर तोवर आंघोळीला गेले होते म्हणून आम्ही खाली बागेतल्या बाकावर बसून डबा उघडला. भाकरी आणि सुकटाची चटणी. वॉचमन पळत आला.

"इधर नॉनव्हेज नहीं चलेगा, माताजी."

"बाग तुझी?" मी विचारलं.

"सोसायटी का रूल है."

"कोणी केला?"

"चेअरमन ने."

आम्ही रस्त्यावरच्या बसस्टॉपवर जाऊन जेवलो. तिथे चेअरमन नव्हता.

सर भला माणूस. छोट्या कपात चहा, खाकरे. अर्ज वाचला, फोटो बघितले. मग विचारलं, "तुमच्या भागातल्या विधानसभेच्या आमदारांकडे का नाही गेलात?"

"गेलो होतो. मग वरच्याकडे जायचं ठरलं," शालन म्हणाली.

सर हसले. मला ते हसणं आवडलं नाही, पण त्यांना घाई होती, बाहेर आणखी माणसं होती. म्हणाले, गुरुवारी मी सभागृहात हा विषय विशेष उल्लेख म्हणून वाचीन, सभापतींकडे आधी लिहून द्यावं लागतं. अर्ज असा चालणार नाही, सुटसुटीत एका पानाचा हवा. मुलुंडला पेंडसे बाई आहेत, विधान भवनात नोकरीला होत्या, त्या लिहून देतील. गुरुवारचे दोन पासही करतो म्हणाले.

घरी आल्यावर भिकाजीला सांगितलं. तो खूश झाला. "बघ. वरचा माणूस. एका फेरीत काम."

मुलुंड

मंगळवारी मुलुंड. दोन बस बदलून, पवईवरून. तलाव बघायला लोक उतरतात, मी उतरले नाही. खिडकीतून टेकड्या दिसत होत्या आणि प्रत्येक टेकडीच्या पायाशी घरं आणि घरांच्या मागे भिंत. एक भिंत बरी दिसली की मला राग येत होता.

"तू जरा स्वस्थ बस," शालन म्हणाली. "सारखी उठतेस काय? बस तुझ्याच्याने जलद जाणार नाही."

पेंडसे बाई माझ्याच वयाच्या. आयुष्यभर विधिमंडळात प्रतिवेदक होत्या. म्हणजे सभागृहात मध्ये बसून जो जे बोलेल ते लघुलिपीत उतरून घ्यायचं. दहा मिनिटं एकीने, मग दुसरीने. दोन्ही सभागृहांत त्यांनी लिहिलं. त्यांनी आम्हाला थालीपीठ आणि लोणी दिलं आणि आमची फजिती पाच मिनिटांत उघडी केली.

"तुम्हाला कोणी सांगितलं वरचं सभागृह मोठं?"

"आमच्यात तसंच असतं," मी म्हटलं.

"तिथे नसतं. पैसा खालच्याच्या हातात. खर्चाच्या मागण्यांना मंजुरी विधानसभा देते. वरचे, म्हणजे विधान परिषदेतले, त्यावर बोलतात, मत देत नाहीत. एखादं विधेयक पैशाचं आहे की नाही हे कोण ठरवतं? विधानसभेचे अध्यक्ष. त्यांनी ठरवलं की ठरलं. ते वर आलं की वरच्यांनी चौदा दिवस ठेवून घ्यायचं, फार तर सूचना करायच्या. त्या ऐकायच्या की नाही ते खालच्यांनी बघायचं."

"आणि बाकीची?"

"बाकीची वरचे थोडे महिने अडवू शकतात. खालच्यांनी दुसऱ्यांदा म्हटलं की तीही जातात."

शालन थालीपीठ तोडायची थांबली. "म्हणजे जाणत्यांचं कोणी ऐकतच नाही?"

"ऐकतात. ऐकलंच पाहिजे असं नाही."

"मग आम्ही चुकीच्या घरी गेलो," मी म्हटलं. मला उठून चालू लागावंसं वाटलं. रविवार ते मंगळवार, दोन दिवस फुकट. "भिंतीला पैसाच लागतो, बाई."

"बसा हो जरा. भिंत बांधायला पैसा लागतो, पण भिंतीखालून माणसं हलवायला काय लागतं? हुकूम. तो दोन्हीकडून येऊ शकतो. अध्यक्ष असोत की सभापती, आपापल्या सभागृहात दोघांची ताकद सारखी. कोणी बोलायचं, किती बोलायचं, कोणती सूचना घ्यायची, सगळं खुर्ची ठरवते. एक दुसऱ्याच्या सभागृहात नाक खुपसत नाही. दोघंही मत देत नाहीत, बरोबरी झाली तरच देतात. आणि खुर्चीने मंत्र्याला सांगितलं की अमुक करा, तर मंत्री उभा राहून हो म्हणतो. मी किती वेळा लिहून घेतलंय."

"आणि सभापती नसले त्या दिवशी?"

"उपसभापती. तेही नसले तर तालिकेवरचा, म्हणजे आधी नेमलेल्या यादीतला, कोणी आमदार बसतो. खुर्चीत जो आहे त्याला ती ताकद. उठला की पुन्हा साधा आमदार."

हे मला नवीन होतं. आमच्याकडे भिकाजी घरी झोपला असला तरी भिकाजीच असतो.

त्यांनी अर्ज एका पानात बसवला. भिंत बांधून द्या हे त्यांनी खाली नेलं आणि माणसं आधी हलवा हे वर आणलं. मग लिहिता लिहिता म्हणाल्या, "मला विचाराल तर खुर्चीची सगळ्यात मोठी ताकद एकच. गोंधळ हाताबाहेर गेला की उठायचं आणि म्हणायचं, सभागृह तहकूब. त्यावर चर्चा नाही, मतदान नाही. सगळ्यांना बाहेर जावंच लागतं."

परतीच्या बसमध्ये मी ते 'तहकूब' मनात घोळवत होते. शालनला वाटलं मी दमले. मी दमले नव्हते.

गुरुवार सकाळ

वयनी म्हणजे माझी थोरली जाऊ. वस्तीत सगळ्यांत म्हातारी, पाय अधू, मागच्या खोलीत भिंतीला लागून तिची खाट. महिनाभर मी तिला सांगत होते, पुढे मंडळाच्या शेडमध्ये झोप. ती नाही म्हणायची आणि थोरली नाही म्हणाली की माझ्या घरात विषय संपतो.

गुरुवारी सकाळी मी विचारलं नाही. सुगंधाला खाटेची एक बाजू धरायला लावली, दुसरी मी धरली. दोन्ही नाती पुढे पाण्याचा तांब्या आणि औषधं घेऊन.

"इंदू, ठेव मला खाली!" वयनी ओरडली. "कोणाला विचारलंस?"

"कोणाला नाही."

"माझ्याआधी या घरात आलीस की माझ्यानंतर?"

"नंतर. गप पड, खाट वाकडी होतेय."

शेडमध्ये खाट ठेवली. घराला कुलूप लावलं, चावी कमरेला. नळावर पाणी भरणाऱ्या बायकांना सांगितलं, मी येईपर्यंत कोणी घरात थांबायचं नाही. मला कोणी जुमानलं नसतं. पण वयनी शेडमध्ये बसलीय हे त्यांनी बघितलं, आणि आपल्याकडे सगळ्यांत थोरली उठून बाहेर आली की मागे कोणी आत बसून राहत नाही. तासाभरात चटया आल्या, स्टो आले, म्हातारे आले.

भिकाजी आला नाही. तो दारात खुर्ची टाकून बसला होता.

"इंदू वैनी, हे कधी ठरलं? समितीत नाही, मंडळात नाही. रविवारी बैठक लावतो. तिथे बोल."

"रविवारी परत जा घरात. आज बाहेर ये."

"पायंडा पडतो असा. आज तू उठवलंस, उद्या कोणीही उठवेल. मी जाणता, मीच बैठक मोडू?"

शालन त्याच्या शेजारी पदर खोचत उभी होती. त्याचं जेवण झाकून ठेवलंय एवढंच तिने त्याला सांगितलं आणि माझ्याबरोबर निघाली.

विधान भवन

मरोळ नाक्यावरून आता जमिनीखालून थेट विधान भवनापर्यंत मेट्रो जाते. स्टेशनालाच ते नाव आहे. गार हवा, चकचकीत लाद्या, आणि बाहेर काय चाललंय ते काही दिसत नाही. माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, फोनमध्ये बघतात. मला ते पेटीत बसल्यासारखं वाटलं.

दारात तपासणी. पिशवी उघडायला लावली. शालनचा चटणीचा डबा बघून बाई-पोलीस म्हणाली, "हे काय?"

"सुकट."

तिने झाकण उघडून लगेच लावलं. "मावशी, याच्यापुढे बंदूक परवडली." डबा दारात राहिला, फोनही राहिले.

सरांनी दोन्ही सभागृहांचे पास केले होते. आधी विधानसभेची गॅलरी. खाली बाकांच्या रांगा, मध्ये अध्यक्षांची उंच खुर्ची, पुढे राजदंड. आत येणारा प्रत्येक जण खुर्चीकडे मान लववतो. बोलत मात्र चार चार जण एकदम होते. अध्यक्ष उभे राहिले आणि सगळे खाली बसले. मी शालनकडे बघितलं. आपल्याकडे मोठा उभा राहिला की आपण उभे राहतो. इथे उलटं, तो उभा राहिला की बाकीच्यांनी बसायचं आणि गप्प व्हायचं.

मग कसलासा प्रस्ताव मतास टाकला. अध्यक्ष म्हणाले, अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं. एका बाजूने मोठ्याने होय आला.

"व्हय म्हाराजा," शालन पुटपुटली. गॅलरीतल्या शिपायाने बोट ओठावर ठेवलं. पण मग अध्यक्षांनी विचारलं, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावं, आणि दुसऱ्या बाजूने नाही आला. शालनला धक्काच बसला. गाऱ्हाण्यात कोणाला नाही म्हणायला जागाच ठेवलेली नाही. मला ती जागा आवडली.

परिषदेचं सभागृह लहान. माणसं कमी, आवाज कमी, केस जास्त पांढरे. खुर्चीत तालिकेवरचे एक आमदार होते. मी बसले, उठले, परत बसले. एकापाठोपाठ एक विषय वाचले जात होते. कुठली शाळा, कुठला दवाखाना. सरांचा नंबर सव्वाबाराच्या सुमाराला आला. त्यांनी पेंडसे बाईंचं पान जसंच्या तसं वाचलं. आमच्या वस्तीचं नाव त्या सभागृहात ऐकून मला काही भरून वगैरे आलं नाही. मी खुर्चीकडे बघत होते.

खुर्चीतल्या माणसाने चष्मा काढला. विचारलं, "ही कुटुंबं आत्ता तिथेच राहतायत?"

"होय, सभापती महोदय," सर म्हणाले.

"मंत्री महोदयांनी आजच अधिकारी पाठवावेत. माणसं आधी हलवावीत, भिंत कोणाची ते नंतर बघावं. उद्या सकाळी सभागृहाला माहिती द्यावी."

मंत्री अर्धे उभे राहिले आणि हो म्हणाले. एक मिनिटही लागलं नाही. पुढचा विषय सुरू झाला. थोड्या वेळाने खुर्चीतला माणूस उठला, दुसरा येऊन बसला, आणि पहिला आपल्या बाकावर जाऊन पाणी पिऊ लागला. कोणी त्याच्याकडे बघितलंही नाही.

"झालं ना गो?" शालनने विचारलं. "आता त्यांना ऐकावंच लागेल. सरकारी गाडी आली की हे आपणहून उठतील."

"झालं," मी म्हटलं.

आम्ही बाहेर आलो आणि फोन परत घेतले.

परत

भुयारात फोनला रेंज नव्हती. जवळजवळ तासभर. स्टेशनांची नावं मराठीत, हिंदीत, इंग्रजीत सांगत होते. मी दाराशी उभी होते, शालन बाकावर. सांताक्रूझ गेल्यावर ती बोलली.

"सकाळी मी म्हटलं असतं तर ते आले असते."

"नसता आला."

"मी म्हटलंच नाही पण."

"मी म्हटलं. माझं ऐकलं का?"

"तुझं कशाला ऐकतील? मी बायको आहे."

मी परत सुगंधाला फोन लावून बघितला, लागला नाही.

नाक्यावरून रिक्षा केली. वस्तीच्या तोंडाशी बंब उभे होते, पुढे रिक्षा जाईना. पाऊस नव्हता, ऊन होतं, आणि धूळ अजून खाली बसली नव्हती. भिंतीचा मधला भाग सुटून शेवटच्या तीन घरांवर आला होता. माझं घर कुलपासकट गेलं होतं. शेड उभी होती. खाटेवर वयनी बसली होती, केसांत माती. मला बघून म्हणाली, "माझी लुगडी आत राहिली, मेल्ये." सुगंधा दोन्ही नातींना धरून होती, तिचा आवाज बसला होता.

शालन थेट मातीच्या ढिगाकडे गेली. संतोष आणि पोरं हातांनी दगड काढत होती, जवानांनी त्यांना मागे ओढलं. भिकाजी दुपारी जेवून आत आडवा झाला होता, असं समोरच्या बाईने सांगितलं. पावणेचारला त्याला बाहेर काढलं. शालन रडली नाही. तिने पदराने त्याचं तोंड पुसलं.

सरकारी गाडी संध्याकाळी पाचला आली. अधिकारी तरुण होता, हातात सभागृहाच्या निर्देशाचा कागद. त्याने आम्हाला शाळेत हलवलं आणि आम्ही अजून तिथेच आहोत. भिंत कोणाची ते अजून ठरलेलं नाही. रविवारची बैठक झाली नाही.

भिकाजी गेला. वयनी, सुगंधा, दोन नाती, शालन, मी आणि बाकीची चौतीस माणसं जिवंत आहोत.